कॉलेजातल्या होतकरू उद्योजकांना माजी विद्यार्थ्यांचा हात: देणगी वेळेवर पोचेल अशी व्यवस्था कशी उभारायची

जून २०२३मध्ये इन्फोसिसचे सहसंस्थापक नंदन निलेकणी यांनी, ते जिथे शिकले त्या आयआयटी मुंबईला ३१५ कोटी रुपये दिले. आधीचे ८५ कोटी धरले तर त्यांची एकूण देणगी ४०० कोटींची होते. त्याच वर्षी तिथल्या १९९८च्या तुकडीने रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने ५७ कोटी रुपये जाहीर केले. असे आकडे वाचले की नांदेड, कराड, चंद्रपूर किंवा गोव्यातल्या फर्मागुढीच्या कॉलेजातून शिकून बऱ्यापैकी नोकरीला लागलेला माणूस मनातल्या मनात म्हणतो, हे आपलं काम नव्हे. हा लेख त्याच माणसासाठी आहे. उद्योग सुरू करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला सुरुवातीला कोटी लागत नाहीत, लाखही क्वचित लागतात. त्याला दहा-पंधरा हजार लागतात आणि ते याच महिन्यात लागतात.

एक उदाहरण घेऊ. समजा, निफाडकडच्या दोन विद्यार्थिनींना कांद्याच्या चाळीत बसवायचं एक उपकरण करायचं आहे. उन्हाळ कांदा मार्च ते मे या काळात निघतो आणि चाळीत भरला जातो. पावसाळ्यात हवेतली ओल वाढली की तो आतून सडायला लागतो आणि बाहेर वास येईपर्यंत आजूबाजूचा मालही हातचा गेलेला असतो. चाळीच्या पोटात तापमान, आर्द्रता आणि सडताना सुटणारे वायू मोजणारे सेन्सर बसवायचे आणि शेतकऱ्याच्या फोनवर वेळीच इशारा द्यायचा, अशी त्यांची कल्पना. सेन्सर, छोटा बोर्ड, बॅटरी, सिमकार्ड, धूळ-पाणी न शिरणारा डबा आणि चार गावांना जायचं एसटीचं भाडं असा सगळा मिळून खर्च पंधरा हजारांच्या आत. अर्ज त्या फेब्रुवारीत करतात. समितीची बैठक एप्रिलमध्ये होते. मग प्राचार्यांची सही, तीन कोटेशनं, ‘हा खर्च कुठल्या हेडखाली टाकायचा?’ हा अकाउंट्सचा प्रश्न, असं करत पैसे ऑगस्टमध्ये हातात पडतात. चाळ वर्षातून एकदाच भरते. पुढची भरेपर्यंत दोघी पास होऊन पुण्याला नोकरीला लागलेल्या असतात.

पैसे कमी पडले म्हणून हे बुडालं नाही, ते उशिरा आले म्हणून बुडालं. म्हणून देणगीदार माजी विद्यार्थ्याचं खरं काम चेक फाडल्यानंतर सुरू होतं असं मी मानतो. खालच्या सगळ्या पायऱ्या त्या एका गोष्टीसाठी आहेत.

पायरी १: देणगी की गुंतवणूक, हे आधी ठरवा

दोन्ही चांगल्या आहेत, पण एकाच पाकिटात घालू नका. देणगी दिली की ती गेली, तिच्या बदल्यात विद्यार्थ्याच्या कंपनीत हिस्सा मागायचा नाही. ज्याला हिस्सा हवा असेल त्याने कंपनी उभी राहिल्यावर स्वतंत्रपणे, स्वतःच्या नावाने गुंतवणूक करावी आणि त्या विद्यार्थ्यांची निवड करणाऱ्या समितीत बसू नये. विशीतला मुलगा समोर बसलेल्या ‘सरांना’ नाही म्हणू शकत नाही, हे ध्यानात ठेवा.

अमेरिकेत एमआयटीचा सँडबॉक्स नावाचा निधी आहे, २०१६पासून. विद्यार्थ्यांच्या गटांना टप्प्याटप्प्याने कमाल २५,००० डॉलरपर्यंत मदत होते आणि बदल्यात हिस्सा घेतला जात नाही. आपल्याकडे रकमेतली शून्यं कमी करावी लागतील, पण आराखडा जसाच्या तसा उचलण्यासारखा आहे.

विद्यार्थ्याच्या खात्यावर थेट पैसे टाकून मोकळं व्हावं, असाही मोह होतो. ते टाळा. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात मिळालेली भेट ५०,००० रुपयांच्या वर गेली की सगळीच रक्कम त्याच्या करपात्र उत्पन्नात धरली जाते. तुम्हाला करसवलत मिळत नाही आणि त्याला कुणाचंही संस्थात्मक पाठबळ राहत नाही.

पायरी २: कॉलेजात आधीपासून काय आहे ते शोधा

बहुतेक ठिकाणी काही ना काही असतंच. शिक्षण मंत्रालयाच्या पुढाकाराने २०१८पासून कॉलेजांमध्ये इन्स्टिट्यूशन्स इनोव्हेशन कौन्सिल स्थापन होऊ लागल्या. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६नुसार राज्य विद्यापीठांत नवोपक्रम, नवसंशोधन व साहचर्य मंडळ असतं. काही ठिकाणी विद्यार्थ्यांचा ई-सेल, म्हणजे उद्योजकता कक्ष, जोरात असतो. आयआयटी मुंबईचा ई-सेल १९९८पासूनचा, तर तिथलं साइन हे इन्क्युबेशन केंद्र, म्हणजे नव्या उद्योगांना जागा आणि सल्ला देऊन वाढवणारं केंद्र (इन्क्युबेटर), २००४चं. पुण्यात सीओईपी या जुन्या इंजिनीअरिंग संस्थेत भाऊ इन्स्टिट्यूट हे असंच केंद्र आहे.

कागदावर काय आहे आणि चालतं काय, यात मात्र फरक असतो. माजी विद्यार्थी संघटनेची नोंदणी नॅकच्या (कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेच्या) मूल्यांकनात विचारली जाते, त्यामुळे कित्येक संघटना नोंदणीपुरत्याच जिवंत असतात. तुम्ही तीन माणसांना भेटा: कौन्सिलचे समन्वयक प्राध्यापक, अकाउंट्समधले मुख्य लिपिक आणि गेल्या दोन वर्षांत काहीतरी करून पाहिलेले चार-पाच विद्यार्थी. लिपिकाला भेटणं लोक विसरतात. खरं तर कुठलं बिल पास होतं आणि कुठलं अडतं, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. त्यांना सुरुवातीपासून सोबत घेतलंत तर निम्म्या अडचणी तिथेच सुटतात.

विद्यार्थ्यांना मोघम ‘काय हवं?’ असं विचारू नका. ‘शेवटचा कुठला खर्च स्वतःच्या खिशातून केलास? कशासाठी थांबावं लागलं? किती दिवस?’ असं विचारा. उत्तरं ऐकल्यावर योजनेचा अर्धा मसुदा तयार होतो.

पायरी ३: सरकारी पैसा जिथे पोचत नाही ती जागा हेरा

केंद्राची २०२१ची स्टार्टअप इंडिया सीड फंड योजना इन्क्युबेटरमार्फत २० लाखांपर्यंत अनुदान देण्यासाठी आखली गेली, पण त्यासाठी नोंदणीकृत, मान्यताप्राप्त कंपनी लागते. केंद्राच्याच निधी-प्रयास योजनेतून नमुना तयार करायला १० लाखांपर्यंत मिळू शकतात, पण तिथे कल्पना बरीच पक्की असावी लागते आणि केंद्राची निवडप्रक्रिया पार करावी लागते. या दारापर्यंत जाण्याआधीचा जो काळ आहे, म्हणजे कल्पना खरी की खोटी हे तपासायचे सहा-आठ महिने, त्याला वाली नाही. माजी विद्यार्थ्यांचा पैसा तिथेच सर्वांत जास्त उपयोगी पडतो.

इमारत, वातानुकूलित ‘सेंटर’, फीत कापण्याचा कार्यक्रम यासाठी देणगी मागितली जाईल. माझं मत स्पष्ट आहे: पहिली तीन वर्षं एक रुपयाही बांधकामाला देऊ नका. मुलांना खोली मिळते, वर्कशॉपही मिळतं. त्यांचं घोडं अडतं ते सुट्या भागांवर, प्रवासावर, चाचणीच्या फीवर आणि वर्कशॉप संध्याकाळी पाचला बंद होतं त्यावर.

पायरी ४: रक्कम ठरवा आणि तिचे टप्पे पाडा

वर्षाला ५ लाख रुपये जमले आहेत असं धरू. दहा जणांनी पन्नास-पन्नास हजार दिले किंवा एका तुकडीतल्या ८४ जणांनी दरमहा ५०० रुपयांची स्थायी सूचना बँकेत दिली, तर एवढी रक्कम होते. वाटप साधारण असं करता येईल:

• पहिला टप्पा: १२ गटांना प्रत्येकी १५,००० म्हणजे १,८०,०००. एका पानाचा अर्ज, दहा मिनिटांची भेट. इथे कंजूषी नको आणि फार चिकित्साही नको.
• दुसरा टप्पा: त्यांतल्या ४ गटांना प्रत्येकी ५०,००० म्हणजे २,००,०००. अट एकच, त्यांनी किमान वीस संभाव्य ग्राहकांशी प्रत्यक्ष बोलून नोंदी केलेल्या असाव्यात.
• उरलेले १,२०,००० सामायिक खर्चासाठी: चाचणी प्रयोगशाळेची फी, पेटंटचा अर्ज, सीएचा सल्ला, प्रदर्शनात स्टॉल, प्रवास.

आठ गट पहिल्या टप्प्यावरच थांबतील. ते अपेक्षित आहे. त्यांच्याकडून पैसे परत मागायचे नाहीत, हे अर्जाच्या पानावरच ठळक छापा. घरची परिस्थिती बेताची असलेली मुलं ‘बुडलं तर भरून द्यावं लागेल’ या धास्तीने अर्जच करत नाहीत.

कायमचा मूळ निधी उभारून व्याजावर योजना चालवावी, अशी सूचना हमखास येते. हिशोब करून बघा: साडेसहा टक्के व्याज धरलं तरी वर्षाला पाच लाखांसाठी पाऊण कोटींची ठेव लागते आणि महागाईने त्या पाच लाखांची किंमत दरवर्षी घटत जाते. पाऊण कोटी गोळा होईपर्यंत विद्यार्थ्यांच्या दोन पिढ्या निघून जातात. आधी तीन वर्षांची वार्षिक हमी द्या, योजना चालवून दाखवा, मग ठेवीचं बघा. ठेव केलीच तर ‘ही रक्कम मूळ निधीसाठी आहे’ असं देणगीपत्रात लेखी नमूद करा. नुसतं तोंडी सांगितलं तर ती चालू खर्चात धरली जाईल.

पायरी ५: पैसे कुणाच्या खात्यात द्यायचे?

साधारण चार वाटा असतात: कॉलेज चालवणारी शिक्षण संस्था, विद्यापीठ, नोंदणीकृत माजी विद्यार्थी संघटना आणि कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची, नफा न वाटणारी इन्क्युबेटर कंपनी. कुठलीही निवडा, पण धर्मादाय आयुक्तांकडची (कंपनी असेल तर कंपनी निबंधकांकडची) नोंदणी, १२ए (संस्थेच्या करमाफीचं) आणि ८०जी (देणगीदाराच्या करसवलतीचं) ही प्रमाणपत्रं, मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल हे कागद मागून घ्या. कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक दायित्वाचा) निधीही आणायचा विचार असेल तर सीएसआर-१ नोंदणीही हवी. ज्यांना हे कागद मागितलेले आवडत नाहीत, तिथे पैसे देऊ नका.

कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात सार्वजनिक निधीवर चालणारी विद्यापीठं आणि केंद्र किंवा राज्य सरकारच्या निधीतले इन्क्युबेटर येतात. तुम्ही मोठ्या कंपनीत असाल तर सीएसआर विभागातल्या माणसाशी एकदा बोलून बघा. खासगी कॉलेजाच्या साध्या ई-सेलला मात्र ही वाट सहसा खुली नसते.

पायरी ६: करार लिहा, आणि तो बारकाईने लिहा

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. दोन पानांचा सामंजस्य करार पुरतो, पण त्यातला प्रत्येक मुद्दा अनुभवातून आलेला असावा.

पहिला मुद्दा वेळेचा. अर्ज आल्यापासून १५ दिवसांत निर्णय आणि निर्णयापासून ७ दिवसांत पैसे. त्यासाठी समन्वयक प्राध्यापकांच्या ताब्यात ठरावीक रक्कम आगाऊ असावी, म्हणजे दरवेळी फाइल वरपर्यंत फिरणार नाही. छोट्या खरेदीला तीन कोटेशनांची अट नको, हे स्पष्ट लिहा. स्वतंत्र बँक खातं मिळालं तर उत्तम, नाहीतर किमान स्वतंत्र खातेवही.

दुसरा मुद्दा बिलांचा. लोहार, सुतार, फॅब्रिकेटर, जुना बाजार इथून घेतलेल्या वस्तूंना जीएसटीचं बिल मिळत नाही. गावाकडच्या प्रवासालाही नाही. दर टप्प्यात एका मर्यादेपर्यंत, समजा ३,००० रुपयांपर्यंत, विद्यार्थ्याचं सहीचं व्हाउचर चालेल असं संस्थेच्या लेखापरीक्षकाकडून आधीच मान्य करून घ्या.

तिसरा मुद्दा डेड स्टॉकचा. कॉलेजच्या पैशातून आलेली वस्तू डेड स्टॉक रजिस्टरला चढते आणि एकदा चढली की कुलपात जाते. विद्यार्थ्याला ती शेतावर, दवाखान्यात, कारखान्यात नेता येत नाही. मोटर, सेन्सर, बोर्ड या गोष्टी खर्ची पडणारं साहित्य म्हणून दाखवल्या जातील आणि विद्यार्थी ते बाहेर नेऊ शकतील, हे एक वाक्य करारात नसेल तर बाकी सगळं लिहून उपयोग नाही.

चौथा, मालकीचा. कल्पना कुणाची? एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या २०१९च्या राष्ट्रीय नवोपक्रम आणि स्टार्टअप धोरणात यावर बरंच मार्गदर्शन आहे. संस्थेची साधनं किंवा निधी लक्षणीय प्रमाणात वापरला असेल किंवा काम अभ्यासक्रमाचा भाग असेल तर बौद्धिक संपदा संयुक्त, नाहीतर विद्यार्थ्याची. संस्थेने सेवा-सुविधा दिल्या असतील तर कंपनीत २ ते ९.५ टक्के हिस्सा घेता येतो. तुमच्या निधीपुरतं लिहून घ्या की पहिल्या दोन टप्प्यांच्या मदतीमुळे संस्थेचा कुठलाही हक्क निर्माण होणार नाही. याच धोरणात उद्योजक विद्यार्थ्यांना हजेरीत सवलत आणि सत्राची विश्रांती देण्याची तरतूदही सुचवली आहे. कॉलेजने ती स्वीकारली आहे का, हे विचारा आणि नसेल तर करारासोबत तो ठराव करून घ्या. पैशापेक्षा ही सवलत मोठी ठरलेली मुलं आहेत.

बाकी मुद्दे थोडक्यात: न वापरलेली रक्कम पुढच्या वर्षी याच कामाला, वर्षातून दोनदा हिशोब, फलकावरच्या नावाचं आधीच ठरवणं, आणि दोन वर्षं अटी पाळल्या गेल्या नाहीत तर पुढचा हप्ता थांबवण्याचा तुमचा अधिकार.

पायरी ७: समिती छोटी ठेवा, सादरीकरण मराठीत होऊ द्या

पाच माणसं पुरेत: एक प्राध्यापक, दोन माजी विद्यार्थी, एक स्थानिक उद्योजक आणि आधी ही मदत घेतलेला एक विद्यार्थी. दर पंधरा दिवसांनी एक बैठक, हवी तर ऑनलाइन. कुणाचा पुतण्या अर्जदार असेल तर त्याने त्या दिवशी बाहेर बसायचं.

आणि एक कळकळीची विनंती. अर्ज आणि सादरीकरण मराठीत चालेल, असं जाहीर करा. ऊसतोड कामगारांच्या अडचणी, दुधाची फॅट मोजणं, बचतगटाच्या पापडांची पॅकिंग हे विषय ज्या मुलामुलींना आतून-बाहेरून माहीत आहेत, तीच इंग्रजी स्लाइडपुढे अडखळतात आणि शहरातला सफाईदार बोलणारा गट पुढे जातो. योजना फक्त इंजिनीअरिंगला बांधू नका. कला, वाणिज्य, कृषी, फार्मसी यांतल्या मुलांना एका पानाचा अर्ज कळतो.

पायरी ८: वेळ द्या, पण शिस्तीने

एमआयटीमध्ये २०००पासून व्हेंचर मेंटरिंग सर्व्हिस चालते. तिथली एक पद्धत मला फार शहाणपणाची वाटते: सल्लागार एकटा बसत नाही, दोन-चार जण मिळून एका गटाशी बोलतात. त्यामुळे एकाच्या मताचं ओझं मुलांवर पडत नाही आणि सल्लागारांमधला मतभेदही त्यांना ऐकायला मिळतो. आपल्याकडेही दर गटाला दोन माजी विद्यार्थी जोडा, एक त्या क्षेत्रातला आणि एक विक्री किंवा हिशोबातला. महिन्यातून एक तास, ठरलेल्या वारी.

सल्ल्याहून मोलाची गोष्ट म्हणजे पहिला ग्राहक. तुम्ही चाकण किंवा बुटीबोरीच्या कारखान्यात असाल तर परचेसमधल्या माणसाशी अर्ध्या तासाची भेट घालून द्या. त्या भेटीत मिळालेला नकारही मुलांना वर्षभर पुरतो.

कंपनी नोंदवण्याची घाई त्यांना करू देऊ नका. प्रायव्हेट लिमिटेड केली की उलाढाल शून्य असली तरी दरवर्षी विवरणपत्रं भरावी लागतात आणि उशीर झाला तर प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये जादा शुल्क चढतं. स्पर्धेतल्या बक्षिसासाठी कंपनी काढून पुढे हा भुर्दंड भरणारी मुलं असतात. ग्राहक पैसे देईपर्यंत मोफत होणारी उद्यम (लघुउद्योग) नोंदणी आणि साधी प्रोप्रायटरशिप, म्हणजे एकट्याच्या मालकीचा व्यवसाय, पुरते.

परदेशात असाल तर

भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी भारतीयाने स्वतःच्या बचतीतून, बँकेच्या रीतसर मार्गाने दिलेली देणगी परदेशी योगदान धरली जात नाही. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलेल्याची देणगी मात्र धरली जाते, ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असलं तरी. ती घ्यायला संस्थेकडे एफसीआरए (परदेशी योगदान नियमन कायदा) परवानगी आणि दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत ठरावीक खातं लागतं. २०२०च्या दुरुस्तीनंतर असा पैसा दुसऱ्या व्यक्ती-संस्थेकडे वळवायला मनाई आहे. त्यामुळे तो विद्यार्थ्यांना वाटण्याऐवजी संस्थेने स्वतः खर्च करायच्या गोष्टींना, जसं सामायिक उपकरणं किंवा कार्यशाळा, देणं सुरक्षित. करण्याआधी सीएचं लेखी मत घ्या. आयआयटी मुंबईसाठी देणग्या स्वीकारणारं, अमेरिकेत नोंदलेलं आयआयटी बॉम्बे हेरिटेज फाउंडेशन आहे. लहान कॉलेजांना अशी सोय नसते, तेव्हा परवानगी नसेल तर पैशाचा हट्ट सोडून वेळ आणि ओळखी द्या.

करसवलतीचा खरा हिशोब

नव्या करप्रणालीत असाल तर ८०जीची वजावट मिळत नाही. जुन्या प्रणालीत बहुतेक संस्थांना दिलेल्या देणगीच्या निम्म्या रकमेची वजावट मिळते, तीही उत्पन्नाच्या १० टक्क्यांच्या मर्यादेत. म्हणजे २० लाख उत्पन्न असलेल्याने ५ लाख दिले तर २ लाखच धरले जातील आणि वजावट १ लाखाची. रोख २,००० रुपयांपुढे चालत नाही आणि जुने संगणक, यंत्रं अशा वस्तूरूप देणगीला वजावट नाही. संस्थेकडून नुसती पावती न घेता ठरलेल्या नमुन्यातलं देणगी प्रमाणपत्र मागा. १ एप्रिल २०२६पासून नवा आयकर कायदा लागू झाल्यावर कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा त्या वर्षीचा नमुना सीएला विचारून घ्या.

काय मोजायचं आणि कधी काय करायचं

‘यंदा किती स्टार्टअप झाले?’ हा प्रश्न वार्षिक अहवालात विचारू नका, नाहीतर कागदी कंपन्या उभ्या राहतील. अर्जापासून पैसे पोचायला किती दिवस लागले, किती गट ग्राहकांना भेटले, किती जणांना कुणीतरी पहिला रुपया दिला, आणि थांबलेल्यांनी का थांबलो हे एका पानावर लिहिलं का, एवढं पुरे. आयडियाफोर्ज ही ड्रोन कंपनी आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांनी २००७मध्ये सुरू केली, साइनमध्ये वाढली आणि शेअर बाजारात आली २०२३मध्ये. सोळा वर्षं. तीन वर्षांत यशोगाथा मागणाऱ्या देणगीदाराने ती बियाणं पेरतानाच उपटली असती.

वेळापत्रक शैक्षणिक वर्षाला जुळवा. मार्च-एप्रिलमध्ये कॉलेजशी बोलणी, मेमध्ये करारावर सह्या, जूनअखेर पैसे खात्यात. जुलै-ऑगस्टमध्ये शेवटच्या वर्षाचे प्रकल्पगट ठरतात, तेव्हा स्वतः वर्गावर्गांत जाऊन सांगा, नोटीस बोर्डावर विसंबू नका. पहिला टप्पा सप्टेंबरपर्यंत वाटून व्हावा. दुसऱ्या टप्प्याला मात्र तारीख लावू नका. साखर कारखान्याच्या गाळपावर काम करणाऱ्या गटाला दिवाळीच्या सुमारास पैसे लागतील, आंब्याच्या मोहोरावर काम करणाऱ्याला डिसेंबर-जानेवारीत. अशा अर्जासाठी पुढच्या बैठकीची वाट न बघता दोन सदस्यांच्या फोनवरच्या संमतीने रक्कम सोडता येईल, हे कलमही सह्या होण्याआधी करारात घालून घ्या.